चार चुडांच्या मधोमध

आषाढाच्या सरींत कर्जतच्या परिसरातील खाचरांमध्ये भाताची लावणी आटोपते आणि दोन-तीन आठवड्यांतच चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या, आडोशाने एक गवत डोके वर काढते. सावा या धान्याचे हे जवळचे नातलग भाताशी इतके मिळतेजुळते असते की, नवखा माणूस तण सोडून भातच उपटून टाकतो. बेणणीत, म्हणजे हाताने तण काढण्यात, हात मुरलेली बाई मात्र पात खोडाला जेथे मिळते तो सांधा पाहते. भाताच्या सांध्यावर कागदासारखी पातळ, पांढुरकी जिभली असते. या गवताचा सांधा कोरा असतो.

ही ओळख पटणे महत्त्वाचे आहे, कारण कडक उन्हात हे गवत भातापेक्षा वेगाने वाढते आणि खाचरात पडलेल्या खतावर पहिला हात तेच मारते. लावणीनंतरच्या पहिल्या 30 ते 45 दिवसांत, जेव्हा भाताला फुटवे येत असतात, तेव्हा तणांनी ओढून घेतलेल्या नत्राची उणीव पुढे भरून निघत नाही. म्हणूनच बेणणी आधी आणि वरून फोकायच्या युरियाचा हप्ता नंतर, हा क्रम कधीही मोडू नये.

तण नसले तरी पाण्यावर फोकलेला युरिया सगळाच भाताला मिळतो असे नाही. त्याचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो, काही पाण्याबरोबर बांधावरून वाहून जातो, आणि जो चिखलाच्या वरच्या थरात राहतो त्यावर नव्याने उगवणारी उथळ मुळांची तणे पोसली जातात.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीचे मोल येथे कळते. या पद्धतीत चुडे आलटून पालटून 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरावर लावतात आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया आणि डीएपी (नत्र व स्फुरद देणारे खत) यांची 2.7 ग्रॅमची एक गोळी लावणीच्याच दिवशी हाताने चिखलात खोल खोचतात. गुंठ्याला अशा सुमारे 630 गोळ्या, म्हणजे वजनाने जेमतेम 1.7 किलो खत लागते. त्या खोलीवर प्राणवायू नसल्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि भाताची मुळे तेथवर पोहोचून ते सावकाश उचलतात, तर वर उगवणाऱ्या कोवळ्या तणाच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. ओणव्याने एकेक गोळी खोचत जाणे कष्टाचे आहे, आणि ते कष्ट बहुतेक ठिकाणी बायकांच्याच पाठीवर पडतात, हे या पद्धतीची शिफारस करताना विसरता कामा नये.

आपल्या जुन्या राबातही, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजण्याच्या रीतीतही, हीच समज होती: पालापाचोळा आणि शेण जाळल्याने रोपवाटिकेतले तणांचे बी करपत असे आणि मागे उरलेल्या राखेतून रोपांना पालाश मिळत असे. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत, ही त्याची मोठी किंमत होती.

मजुरांची टंचाई वाढल्यापासून अनेक शेतकरी लावणीनंतर काही दिवसांतच तणनाशक टाकतात. त्या वेळी खाचरात पाण्याचा पातळ थर टिकला नाही, तर औषध वाया जाते. ओळीत लावलेल्या भातात कोळपेही, म्हणजे ओळींमधले तण काढण्याचे अवजारही, चालते. 25 सेंटिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यातून ते पुढे सरकते तसे दोन बोटे पाणी गढूळ होते, कोवळी तणे मुळांसकट उलटून चिखलात गाडली जातात, आणि त्यांनी शोषलेले नत्र, ती कुजू लागली की, भाताच्या मुळांकडे परत येते.