डोंगर आहे, वारा आहे, मग पाऊस कुठे अडतो?

नमस्कार मंडळी. कोकणात कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी ओमानला नोकरीला असतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिकडून सलालाहचे फोटो येतात, हिरवेगार डोंगर, धुकं, भुरभुर पाऊस, बघणाऱ्याला आंबोलीच वाटते, आणि त्याच डोंगरांच्या पाठी रुब अल खालीचं कोरडं वाळवंट! हे असं का होतं ते आज सांगतो, कारण तो पाऊसही आपल्याच नैऋत्य मान्सूनचा आहे.

उन्हाळ्यात अरबस्तान, सिंध, राजस्थान भयंकर तापतं, राजस्थानातल्या फलोदीला मे २०१६ मध्ये पारा ५१ डिग्रीवर गेला होता. तापलेली हवा वर जाते, तिथला दाब कमी होतो आणि समुद्रावरची दमट हवा तिकडे ओढली जाते. मग सगळ्यात जास्त तापतं तिथेच सगळ्यात जास्त पाऊस पडायला हवा ना? तसं होत नाही. वाळवंटाच्या वर इराण-अरबस्तानकडून आलेली गरम कोरडी हवा बसलेली असते, त्यात भारतावर पाऊस पाडून वर गेलेली हवाही पश्चिमेला सरकत तिथेच खाली उतरते, म्हणजे कढईवर झाकणच, खालून कितीही वाफ आली तरी ढग वर वाढत नाही.

आता उंची बघा. आंबोली जेमतेम ७०० मीटरवर, पण सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा, हवा चढते, गार होते आणि वर ढगाला वाढायला मोकळी जागा, म्हणून वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सलालाहमागचे डोंगर आंबोलीपेक्षा उंचच, तरी सलालाह शहरात वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपासच! कारण मान्सूनमध्ये तिथेही वर तेच झाकण. शिवाय तिथला वारा किनाऱ्याला धरून वाहतो, त्याने समुद्राच्या खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यामुळे ढग पातळ आणि बुटके राहतात, झाडांच्या पानांवर धुकं साचून ठिबकतं त्यावर ते जंगल बरंचसं जगतं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

राजस्थानात अरवली आहे, पण ती वाऱ्याच्या दिशेनेच पसरलेली, अडवणार काय? अबूचा डोंगर तेवढा उंच, तिथे चांगला पाऊस होतो, जैसलमेरला २०० मिलिमीटरसुद्धा मुश्किल.

आणि झाकण नसलं की काय होतं तेही सलालाहने बघितलंय. मे २०१८ मध्ये, मान्सून पोचायच्या आधी, समुद्र गरम असताना मेकुनू चक्रीवादळ तिथे धडकलं, आणि एका दिवसात २७० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, दोन वर्षांहून जास्तीचा एकदम.