ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी

श्रोतेहो, नमस्कार.

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आपण ठाण्याच्या पाटीवर अनेकदा पाहिले असेल. त्यातील खलनिग्रहणाच्या, म्हणजे टोळी पकडल्याच्या किंवा मुद्देमाल जप्त केल्याच्या बातम्या छायाचित्रांसह छापून येतात. सज्जनांच्या रक्षणाचे काम मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी, फिर्याद लिहून घेण्यापासून सुरू होते, आणि पोलीस दलाची नीती तपासायची असेल तर ती तिथेच तपासावी, असे माझे मत आहे.

बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांचा विचार करा. उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या पैशांवरून एखाद्या जोडप्याला तिकडे डांबून ठेवून मारहाण झाली आणि ते कसेबसे गावी परतले, तर त्यांनी फिर्याद कुठे द्यावी? 'हद्द आमची नाही, जिथे घडले तिथे जा' हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. तो गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा असतो आणि फिर्यादीला नोंदीची प्रत विनामूल्य द्यायची असते. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले होते. नव्या संहितेने तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. ही मुभा टाळाटाळीची सबब होऊ नये, हे पाहणे वरिष्ठांचे काम आहे.

नोंद टाळली जाते, त्याचे कारण प्रत्येक वेळी लाच किंवा दबाव हेच नसते. ठाण्यातील गुन्ह्यांचा आकडा वाढला की मासिक बैठकीत ठाणेदाराला जाब विचारला जातो, त्यामुळे विहिरीवरच्या मोटारीची चोरी साध्या अर्जावर भागवण्याचा मोह होतो. जो अधीक्षक वाढलेल्या आकड्याचा अर्थ 'लोक विश्वासाने येऊ लागले' असाही लावू शकतो, त्याच्याच जिल्ह्यात अंमलदाराला प्रामाणिकपणा परवडतो.

मराठवाड्यात या विश्वासाला इतिहासाचेही ओझे आहे. निजामाच्या राजवटीत पोलीस रयतेच्या बाजूचा कधी वाटला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, तीही एका लष्करी मोहिमेने, जिला आपल्याकडची जुनी माणसे अजूनही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. आजही अनेकजण पुढाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला बरोबर घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी चढत नाहीत. गावच्या पोलीस पाटलाने पोलिसांना मदत करावी, हे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमात आहेच; पण फिर्याद द्यायला मध्यस्थ लागावा, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

अटकेबाबतचे नियम तर अधिकच स्पष्ट आहेत. साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा करणे, नातेवाइकांना कळवणे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक न करणे बंधनकारक आहे. संशयित खरोखर गुन्हेगार असला, तरीही त्यातला एकही नियम सैल होत नाही.

कोणत्याही ठाण्याने दखलपात्र फिर्याद घेण्यास नकार दिला, तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तेव्हा टपालाची पावती आणि अर्जाची एक प्रत घरी जपून ठेवावी. नमस्कार.