क्रोझ: भिंती बांधणारा आणि भिंती सजवणारा जिल्हा

(दृश्य: ड्रोनमधून दरी, खाली वळण घेणारी नदी)

ही क्रोझ नदी, आणि हिच्याच नावाचा हा जिल्हा. नकाशावर फ्रान्सच्या जवळजवळ मधोमध. राज्यक्रांतीनंतर 1790 साली जुने प्रांत मोडून नवे जिल्हे आखले गेले, तेव्हा मार्श नावाच्या प्रांतातून याचा बराचसा भाग आला. पॅरिसहून तुलूझकडे जाणाऱ्या गाड्या याच्या कडेवरून निघून जातात. थांबतात फार थोड्या.

(दृश्य: पठार, गाई, ओढा)

दक्षिणेला मिलवाशचं पठार. ग्रॅनाइट, पाणथळ कुरणं आणि तांबूस रंगाच्या लिमुझीन गाई. ग्रॅनाइटमधून झिरपणाऱ्या या पाण्यात चुना जवळपास नसतो. लोकर धुवायला आणि रंगवायला असंच मऊ पाणी हवं. या ओढ्याकडे जरा नीट बघून ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याच काठावर घडते.

(दृश्य: फ्रेसलीन, दोन नद्यांचा संगम)

उत्तरेला फ्रेसलीन गावाजवळ थोरली क्रोझ आणि धाकटी क्रोझ एकमेकींना मिळतात. 1889 साली क्लोद मोने इथे चित्रं काढायला आला. संगमावरचा एक ओक त्याने निष्पर्ण असताना रंगवायला घेतला. पाऊस, थंडी, आजारपण यांत दिवस गेले आणि मे महिन्यात झाडाला पालवी फुटली. चित्र अर्धवट, झाड हिरवं! मोनेने जमीनमालकाला गाठलं, माणसं लावून पानं उतरवून घेतली आणि चित्र पुरं केलं. निसर्गचित्रकार म्हणतात तो हा.

(दृश्य: दगडी घरं, दारावरचा घडीव पाषाण)

या घरांचे दगड बघा, सांधे बघा. क्रोझचे गवंडी. जमीन हलकी, पोट भरेना, म्हणून दर वसंतात इथले पुरुष आणि पोरं पायी निघायची. मुक्काम पॅरिस, लियों. हिवाळ्यात परत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या इमारतींवर हजारोंनी राबले ते हेच लोक. मार्तें नादो हा त्यांच्यातलाच. 1830 मध्ये चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर निघाला, चुना-माती कालवत शिकला आणि 1849 मध्ये खासदार झाला. बांधकाम चाललं की सगळं चालतं, हे फ्रान्समध्ये आजही ऐकू येणारं वाक्य त्याच्या नावावर आहे.

पुढे गवंडी बायकापोरांसह शहरातच राहू लागले. 1851 मध्ये पावणेतीन लाखांवर असलेली वस्ती आज सव्वा लाखही नाही.

(दृश्य: जांत्यू गावाचं युद्धस्मारक. टोपी हातात घेतलेला, मूठ उगारलेला मुलगा. निवेदन नाही. फक्त कोरलेल्या ओळीचा मजकूर पडद्यावर: ‘युद्धाचा धिक्कार असो’)

(दृश्य: ओब्युसों, नदीकाठची घरं, मग कार्यशाळेचं दार)

ओब्युसों. भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांचं, म्हणजे टॅपेस्ट्रीचं गाव. पाचेक शतकांची परंपरा. 1665 मध्ये चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोल्बेरने, इथल्या मागांना राजमान्यता मिळवून दिली. वीस वर्षांनी त्याच राजाने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि कितीतरी विणकर देश सोडून गेले. तरी माग थांबले नाहीत.

(दृश्य: मागाचे जवळून शॉट, हात, कांड्या)

माग आडवा आहे. सुती ताणा, लोकरीचा बाणा. विणकर बाई पायाने पट्टी दाबतात, एकाआड एक धागे खाली जातात, त्या फटीतून लोकरीची लाकडी कांडी सरकते. मग छोट्या फणीने दाबून बसवायचं. पुन्हा पट्टी, पुन्हा कांडी. धोटा इकडून तिकडे फेकायचा नाही. ज्या रंगाचा जेवढा तुकडा, तेवढ्यातच ती कांडी ये-जा करते. एका हाताला महिन्याभरात साधारण एक चौरस मीटर. चित्र बारीक असेल तर त्याहून कमी.

आता गंमत बघा. ताण्याखाली मूळ चित्राचा कागद आहे, पण तो उलटा, आरशात दिसतो तसा. कारण विणणारा कापडाची मागची बाजू वर ठेवून विणतो. ही सुटलेली टोकं, हा गुंता, तीच त्याची रोजची बाजू. सुलट बाजू बघायची तर धाग्यांखाली छोटा आरसा सरकवायचा, आणि आरशाच्या तुकड्यात मावेल तेवढीच दिसते.

(दृश्य: जुनी टॅपेस्ट्री, निळसर जंगल)

या जुन्या जंगलाची पानं निळी का? ती मुळात हिरवीच होती. निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करत, आणि वनस्पतीचा तो पिवळा उन्हाने उडाला.

(दृश्य: आकडे लिहिलेला कागद, रंगांची लड)

1939 मध्ये चित्रकार झां ल्युर्सा इथे आला. तोवर विणकर तैलचित्रांची नक्कल करत शेकडो छटांमध्ये अडकले होते. ल्युर्साने छटा मोजक्या केल्या आणि कागदावर प्रत्येक तुकड्यात रंगाचा आकडा घातला. काम वेगाने होऊ लागलं, खर्चही आवाक्यात आला. जवळच्या फेलतें गावात विणलेलं, बावीस मीटरहून उंच असं एकसंध ख्रिस्ताचं चित्र 1962 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये लागलं. एवढं मोठं काम या एवढ्याशा गावातून गेलं.

युनेस्कोने 2009 मध्ये ही कला आपल्या यादीत घेतली, 2016 मध्ये इथे मोठं संग्रहालय उघडलं. आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नव्या मुलामुलींसाठी चालणारं दोन वर्षांचं प्रशिक्षण. काचेआड ठेवलेलं कापड टिकतं; हात मात्र शिकवावे लागतात. आणि कामही लागतं: जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांच्या ॲनिमेशनमधली जंगलं आता याच लोकरीत उतरली आहेत.

(दृश्य: कार्यशाळेत गर्दी, कात्री हातोहात फिरते)

आज एक चित्र मागावरून उतरतंय. काम देणारे, कर्मचारी, शेजारी, सगळे जमलेत. ताण्याचे धागे कापायला प्रत्येकाला कात्री मिळते. उलगडून सुलट केलं की विणणाऱ्यालाही आपलं सबंध काम पहिल्यांदाच दिसतं.

टाळ्या होतील, फोटो निघतील. दोन रंग उभे भिडतात तिथे मात्र फटी राहिल्या आहेत. त्या सुईने हाताने शिवायच्या आहेत, आणि ते काम उद्या सकाळपासून.