काटा, चुकारा आणि परदेशी गिऱ्हाईक

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस घरी येऊ लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या बाजारपेठांकडे गाड्यांची रीघ लागते. तिथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, बांधलेली 170 किलोची गाठ बांगलादेशातल्या किंवा व्हिएतनाममधल्या गिरणीपर्यंत जाऊ शकते. तिच्यासाठी लागणारा सुमारे पाच क्विंटल कापूस मात्र आसपासच्या शेतांतूनच यावा लागतो. अशा गाठी परदेशी पाठवणाऱ्या जिनिंगमालकाने गावाशी कसे नाते ठेवावे, याविषयी आज बोलायचे आहे.

परदेशी गिरण्यांची एक जुनी तक्रार म्हणजे रुईत सापडणारे प्लास्टिकचे तंतू. खताच्या रिकाम्या पोत्यांत कापूस भरला की पोत्याचे धागे त्यात मिसळतात, सरकी काढणाऱ्या रेच्यात तुटून बारीक होतात, सुतात शिरतात आणि रंग धरत नसल्यामुळे तयार कापडावर ठिपक्यांसारखे उठून दिसतात. एकदा मिसळलेले हे धागे पुरते निवडून काढणे कठीण असते, म्हणून खरा उपाय शेतातच करावा लागतो. वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरलेली असते. हात थांबवून धागा किंवा केस बाजूला काढला तर नुकसान तिचेच होते. जिनिंगमालकाने सुती फडकी पुरवली, स्वच्छ मालाला क्विंटलमागे काही रक्कम अधिक दिली आणि त्यातला वाटा त्या बाईपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था शेतकऱ्याशी बोलून लावली, तरच ती थांबेल. नुसत्या सूचनाफलकाने हे होत नाही.

शेतकऱ्याचा भरवसा मात्र काट्यावर ठरतो. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा त्याला दाखवला का, कट्टी, म्हणजे वजनातली कपात, कशासाठी केली ते सांगितले का, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, त्याच दिवशी हाती पडला का, हे तो पाहतो आणि संध्याकाळी पारावर सांगतो. काटा खोटा असेल, तर पोळ्याला गावजेवण घालूनही उपयोग नाही.

ही समज विदर्भाला नवी नाही. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस जवळ होता म्हणून. परंतु कामगार वारंवार गैरहजर राहत, तेव्हा नुसत्या दंडावर विसंबण्याऐवजी त्यांनी बक्षिसे आणि भविष्य निर्वाह निधी यांसारख्या सोयींचा मार्ग धरला.

आता कायदाही आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चायची असते आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. बहुतेक लहान जिनिंग त्या मर्यादेत येत नाहीत, हे खरे. पण खर्च कुठे करावा हा प्रश्न त्यांच्यापुढेही असतोच. वेशीवर दात्याच्या नावाची कमान उभारणे सोपे असते (आणि तिचा फोटोही चांगला येतो), पण पावसाळ्यात चिखलाने बंद पडणारा पाणंद रस्ता दुरुस्त झाला, तर शेतकऱ्याचा माल वेळेवर निघतो आणि मालकाचाही लाभ होतो. काय हवे ते ग्रामसभेत विचारावे, आणि ती सभा वेचणीच्या दिवसांत भरदुपारी ठेवू नये, कारण त्या वेळी निम्मे गाव, विशेषतः बाया, शेतात असतात.