आजीची गोळी आणि कुलाब्यातले उंदीर

(दृश्य: मालवणजवळची वाडी. पडवीत एक म्हातारी, कानाला मोबाइल.)

"आये, गोळी घेतलंस?"
"होय रे, घेतलंय."

फोन ठेवला जातो. डोंबिवलीतला मुलगा निर्धास्त होतो. इकडे आजी मात्र गोळ्यांची पिशवी पुन्हा उपसून बसते. घेतली की राहिली? तिला खरंच आठवत नाही. आणि तिलाच विचारा, नवी नवरी म्हणून आली त्या साली तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायला कोण कोण होतं. नावानिशी सांगेल. वाडीतली माणसं हसतात, "म्हातारी चळली" म्हणतात आणि कामाला लागतात.

चळ नव्हे, त्यामागे मेंदूतली एक ठरावीक जागा आहे. दोन्ही कानांच्या पातळीवर, खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आज सकाळी काय घडलं, ते टिकवून ठेवायचं काम त्याचं. जुन्या आठवणी बऱ्याच अंशी मेंदूच्या इतर भागांत पसरलेल्या असतात. अल्झायमर या आजारात हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग सगळ्यांत आधी झिजू लागतो, म्हणून लग्नाच्या सालचा तरवा आठवतो आणि सकाळची गोळी आठवत नाही. हे बदल लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेले असतात.

(दृश्य: कुलाबा, समुद्राकाठची संशोधन संस्था.)

हा हिप्पोकॅम्पस मुळात घडतो कसा? याच कोकण किनाऱ्यावर उत्तरेला, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. शुभा टोळे यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं आहे. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला.

गर्भातल्या उंदराचा मेंदू सुरुवातीला नुसता पातळ पापुद्रा असतो. त्याच्या कडेला, लुगड्याच्या काठासारखी, पेशींची एक अरुंद पट्टी असते. ही पट्टी रासायनिक संदेश सोडते आणि तिच्या शेजारच्या पेशी हिप्पोकॅम्पस होतात. बाकीच्या पापुद्र्याला काठ होण्यापासून अडवतं एलएचएक्स-२ हे जनुक. टोळे आणि सहकाऱ्यांनी काही विखुरलेल्या पेशींमध्ये ते बंद पाडलं. त्या ठिकाणी नवे काठ उमटले आणि प्रत्येक काठाशेजारी आणखी एक हिप्पोकॅम्पस आकार घेऊ लागला! एका मेंदूत अनेक. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे काम छापून आलं. यात वेळेलाही महत्त्व आहे. गर्भावस्थेतला तो सुरुवातीचा थोडा काळ उलटला, की जनुक बंद करूनही काठ तयार होत नाही.

यातून आजीसाठी औषध निघालं का? नाही. हे काम उंदरांवरचं, आणि जडणघडणीचं आहे, झिजेचं नव्हे. तरीही जी जागा आधी ढासळते ती बांधली कशी गेली, हे ठाऊक नसताना दुरुस्तीच्या गप्पा मारणं मला पोकळ वाटतं.

(दृश्य: कुलूपबंद घरांची रांग. मग गणपतीच्या गर्दीची एसटी.)

आता पुन्हा वाडीत येऊ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. प्रमाण बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. आणि कोकण कसं आहे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया. कर्ते मुंबईला गेले, म्हाताऱ्या घर राखून राहिल्या.

फोनवर दोन मिनिटं कुणीही नीट बोलतं. त्यामुळे चाकरमान्यांना फरक कळतो तो गणपतीत किंवा शिमग्याला, सलग चार दिवस एका छपराखाली काढल्यावर. आमटीत मीठ दोनदा पडतं. तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा येतो. रोजच्या पाणंदीवर वाट चुकते. सणाच्या धावपळीत हे दिसलं, तर आरतीइतकंच तेही महत्त्वाचं धरा. तिला नीट ऐकू येतं का, तेही पाहा, कारण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण टाळता किंवा आटोक्यात ठेवता येणारी जी १४ कारणं सांगितली, त्यांत बहिरेपण आहे, रक्तदाब आहे, एकटेपणही आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेताना चालू औषधं सगळी सोबत घ्या, काही औषधांनीही विसर पडतो. आणि रक्त तपासून घ्या. बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेला असेल, तर विसरण्याचं कारण तेवढंच असू शकतं, आणि त्यावर उपचार होतो.