डालग्याखालची मोजणी

(दृश्य : पहाट. कौलांवरून ठिबकणाऱ्या पागोळ्या. पडवीच्या कोपऱ्यात पालथं घातलेलं बांबूचं डालगं.)

कुडाळ तालुक्यातलं एक कौलारू घर. श्रावण लागून आठवडा झालाय. रात्रभर कोसळलेला पाऊस आत्ता कुठे ओसरतोय. घरातली आजी डालगं उचलते. कोंबडी चवताळून बाहेर पडते आणि तिच्यामागून पिल्लं. आजी मोजते. पुन्हा मोजते. काल तिन्हीसांजेला झाकताना अकरा होती, आत्ता सात.

तीन नाहीतच. चौथं डालग्याच्या काठाशी मरून पडलंय. पीस सांडलेलं नाही, रक्ताचा थेंब नाही. फक्त त्या मेलेल्या पिल्लाचं डोकं आणि मान ओली आहे, पिसं गोंद लावल्यासारखी चिकटलेली.

"किरडू," आजी म्हणते, तेही दबक्या आवाजात. किरडू म्हणजे साप. रात्री तर ती हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. मग त्याला 'लांबडं' म्हणायचं.

आजीचा तर्क बरोबर आहे. मुंगूस शिरलं असतं तर पिसांचा सडा पडला असता आणि गरज नसताना चार जास्त मारली गेली असती. बोक्याने ओढल्याचा माग राहिला असता. घार आणि कावळा रात्री येत नाहीत. आवाज न करता, सांडलवंड न करता पिल्लं नाहीशी होतात तेव्हा पहिला संशय सापावर. आणि ओलं डोकं ही तर त्याची सहीच. साप भक्ष्य डोक्याकडून गिळायला घेतो. पंखांपाशी अडलं, किंवा कोंबडीने टोचून हैराण केलं, तर तसंच टाकून निघून जातो.

(दृश्य : गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांमधल्या फटी. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

पण साप म्हणजे कोणता? आपल्या घराभोवती पिल्लं खाणारे साप मोजकेच. धामण सगळ्यात आधी. उंदीर आणि बेडूक हे तिचं रोजचं जेवण, पण पिल्लू मिळालं तर सोडत नाही. ती उत्तम चढते, त्यामुळे खुराडं उंचावर आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पण धामण दिवसा फिरणारी. रात्रीच्या चोरीत संशय नागावर जास्त. पिल्लं आणि अंडी दोन्ही त्याला चालतात. रानालगतच्या वाड्यांवर अजगर येतो आणि तो मोठी कोंबडीही नेतो. घोणस मुख्यतः उंदरांमागे असते. मण्यार तर बऱ्याचदा दुसरे सापच खाते. या दोघी खुराड्यापाशी दिसल्या तर त्या पिल्लांसाठीच आल्या असं धरून चालू नका. मात्र चावल्या तर जिवावर बेततं, हे लक्षात असू द्या.

जाता जाता एक गंमत. केवळ अंडी खाऊन जगणारा एक साप आपल्याच महाराष्ट्रात आहे. अनेक वर्षं कुणाला दिसलाच नव्हता, तो २००३ साली वर्धा जिल्ह्यात सापडला. बारीक अंगाचा, बिनविषारी. लहान पाखरांची अंडी गिळतो आणि आतल्या आत फोडतो. आजीच्या पिल्लांशी त्याचा काही संबंध नाही.

(दृश्य : डालग्याची कड जमिनीलगत. एका बाजूला दोन बोटांची फट.)

आता ही फट बघा. शेणाने सारवलेली जमीन कधीच सपाट नसते. डालग्याची कड एका जागी टेकते, दुसरीकडे उचललेली राहते. एवढी जागा सापाला पुष्कळ झाली. जीभ आतबाहेर करत तो हवेतला आणि जमिनीवरचा वास टिपतो. उंदराच्या वासावर आलेल्या सापाला इथे पिल्लांचा वास लागतो. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. ती फुगते, कुरकुरते, पण बसल्या जागेवरून हलत नाही.

यावर बहुतेक घरी जाळी येते. बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते ती, षट्कोनी भोकांची, इंचभर रुंद. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, सापाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. उलट तिच्यामुळे एक वेगळाच प्रकार घडतो. उपाशी साप आरामात आत येतो, दोन पिल्लं गिळतो, पोट फुगतं आणि आलेल्या भोकातून बाहेर पडता येत नाही. सकाळी घरचे दार उघडतात तेव्हा चोर मुद्देमालासकट आतच.

म्हणून चौकोनी, वेल्ड केलेली, कडक तारेची जाळी घ्या. भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. पाव इंची मिळाली तर सर्वांत चांगली. ती महाग पडते हे खरं. पण सगळ्या खुराड्याला लावायची गरज नाही. धोका मोठा असतो तो पहिल्या दीड-दोन महिन्यांत. तेवढ्यापुरती एक पेटी करा : कोंबडी आणि तिची पिल्लं मावतील एवढी, तळाला फळी, दोन बाजूंना बारीक जाळी, वर घट्ट बसणारं झाकण. पिल्लांना आईची ऊब लागते, म्हणून पेटीत आईही हवीच. दाराच्या फटीत करंगळी जात असेल तर ती फट मोठी आहे.

नायलॉनची जाळी मात्र नको. मासेमारीचं जुनं जाळं कुंपणाला गुंडाळण्याची पद्धत किनारपट्टीला सर्रास आहे. त्यात साप अडकतो, सुटण्यासाठी जितका वळवळतो तितकी दोरी अंगात रुतते आणि तो तडफडून मरतो. आणि अडकलेला नाग सोडवायला जाणार कोण?

(दृश्य : पडवीत सांडलेली कणी. भिंतीच्या कडेला घुशीने उकरलेली माती.)

खरा पाहुणा मात्र इथून येतो. पिल्लांना टाकलेली कणी संध्याकाळी तशीच पडून राहते. तिच्यावर उंदीर येतात. घुशी जमीन पोखरतात आणि बीळ थेट खुराड्याखाली निघतं. त्याच बिळातून साप. शिवाय पडवीला लागून नारळाची सोडणं (वरची सालं), चुडतं (वाळक्या झावळ्या), जळाऊ लाकडं रचलेली. सापाला याहून चांगला आडोसा कुठे मिळायचा? कणी रात्री झाडून घ्या, दाणे झाकणाच्या डब्यात ठेवा, लाकडं भिंतीपासून दूर न्या, बिळं बुजवून जमल्यास खाली कोबा करा. उंदरांचं विष घालू नका. ते पिल्लं खातील, नाहीतर विषाने मेलेला उंदीर मांजर खाईल. पिंजरा लावा.

फिनेल, लसूण, डांबरगोळ्या, कार्बोलिक ॲसिड यांपैकी काहीतरी प्रत्येक घरात शिंपडलेलं असतं. यांच्या भरवशावर साप थांबत नाही. डांबरगोळी पिल्लाने टोचली तर पिल्लूच जायचं, आणि कार्बोलिकने हात भाजतात. साप डूख धरतो म्हणून परत येतो, असंही सांगतात. तो परत येतो कारण फट तिथेच आहे आणि उरलेली सात पिल्लंही तिथेच आहेत.

(दृश्य : माजघर. जमिनीवर अंथरूण, उशाशी डालगं.)

आणि हे दृश्य आम्हाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं. पिल्लं गेली की लोक डालगं घरात घेतात. माजघरात, चुलीपाशी, झोपतात तिथे उशाशी. माया समजते. पण उंदीर आणि साप ज्या वासावर पडवीपर्यंत येत होते, तो वास आता अंथरुणापाशी आला. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बहुधा वेदना होत नाहीत, खूण दिसत नाही, आणि सकाळी पापण्या जड होईपर्यंत कळतही नाही. पिल्लांची पेटी घराबाहेरच हवी. चार पिल्लं गेली तर हळहळ वाटते, ती पुढच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून भरून निघते. एकवीस दिवसांचा प्रश्न असतो.

हातही तसाच जपायचा. अंधारात डालग्याखाली चाचपून अंडी काढायची सवय या घरात तीन पिढ्यांची आहे. आधी बॅटरी, मग काठीने डालगं कलतं करायचं, मग हात.

साप आत दिसलाच तर काठी उगारू नका. धामण, नाग, घोणस, अजगर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दूर उभं राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा माहितीतल्या सर्पमित्राला फोन करा. डिवचलेला साप कधी कधी गिळलेलं पिल्लू ओकून टाकतो, पण ते जगत नाही. त्यासाठी त्याला डिवचण्यात अर्थ नाही. आणि कुणाला चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. सर्पविषावरचं प्रतिविष तिथेच मिळतं.

(दृश्य : चार दिवसांनंतर. पडवीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला, चिऱ्यांवर ठेवलेली नवी लाकडी पेटी.)

आजीच्या नातवाने जुन्या खिडकीच्या फळ्या वापरून पेटी केलीय. जाळी कुडाळच्या बाजारातून आणली. तिन्हीसांजेला कोंबडी आधी नाही म्हणते, मग आत शिरते. मागोमाग पिल्लं. आजी बॅटरी मारून मोजते. सात.

झाकण लावल्यावर ती इकडेतिकडे बघते आणि एक जड चिरा उचलून त्यावर ठेवते. आम्ही विचारतो, "आजी, साप झाकण उचलत नाही ना?"

"किरडवासाठी नाय," ती म्हणते, "मुंगसासाठी."