चल, आपण बहिणी-बहिणी खेळू

(पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीची मुलं डबा संपवून मैदानात धावतात, तेव्हा खेळ लगेच सुरू होत नाही. आधी भांडण होतं. बस-बस खेळायचं ठरतं, पण ड्रायव्हर सगळ्यांनाच व्हायचं असतं. प्रवासी व्हायला कोणी तयार नसतं. मग कुणीतरी तोड काढतं, स्वारगेटपर्यंत हा चालवेल, पुढे ती. कडुनिंबाची पानं तिकिटं होतात, आणि तोवर घंटा वाजते. आपल्याला वाटतं, खेळायचं राहूनच गेलं. मला वाटतं, त्या वादावादीत मुलं खेळतच होती, आणि त्या खेळाचा सगळ्यात कसदार भाग तोच होता.

लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली लेनिनग्राडमध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे. त्या एकमेकींना म्हणतात, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू. एरवी बहीण म्हणून कसं वागावं याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही. खेळात मात्र दोघींना सारखा पोशाख हवा, बोलणंही सारखं हवं. म्हणजे खोट्या-खोट्या खेळात मनाला येईल तसं वागता येतं, हा आपला समज बरोबर नाही. तिथे नियम फार कडक असतात. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात केला, तर पानं वाढून होईपर्यंत तो तोंडात टाकायचा नाही. चुरमुरे खरे असतात, भूकही खरी असते, तरी हात आवरतो. आपण सांगून हे किती वेळा जमतं?

एकट्याच्या खेळात काठीचा घोडा करायला कुणाची परवानगी लागत नाही. चौघांत लागते. एकीने फरशीवर नदी आहे म्हणून सांगितलं आणि दुसरा सरळ चालत आला, की ओरडा होतो, "अरे, बुडशील ना!" तो थबकतो आणि हात मारत पोहायला लागतो. दुसरीच्या डोक्यातली नदी त्याने मान्य केलेली असते. सहा वर्षांच्या मुलासाठी ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मधेच कुणी टाइमप्लीज म्हणतं, "तू मरायचं नाही हं, नुसतं आजारी राहायचं" असं बजावतं, आणि पुन्हा डॉक्टरच्या आवाजात बोलू लागतं.

पळापळीत सगळ्यात धाकट्याला कच्चा लिंबू करतात, इथे त्याला बाळ करतात, नाहीतर कुत्रा. रोज कुत्राच केलं, तर एक दिवस तो खेळत नाही म्हणतो. तेव्हाही लगेच धावून जाऊ नका. बहुतेकदा मुलं त्याला समजावून परत आणतात. मारामारी झाली, कुणाला कायमचं वाळीत टाकलं, तर मात्र जरूर मध्ये पडा.

आता जागेबद्दल. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात १९४३ साली, जर्मनांच्या ताब्याच्या काळात, मुलांसाठी एक मैदान उघडलं. तिथे लाकडं, विटा, टाकाऊ सामान होतं. ती कल्पना सोरेन्सन या उद्यानरचनाकाराची. आखीव मैदानं सोडून मुलं भलतीकडेच रमतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडेही सोसायटीत बांधकामाची वाळू पडली, की रंगीत घसरगुंडी ओस पडते.

शाळांकडे माझं मागणं साधं आहे. मधली सुट्टी कापून तिथे सराव परीक्षा बसवू नका. शिक्षा म्हणून कुणाला सुट्टीत वर्गात डांबू नका. आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात वाळू, रिकामी खोकी, करवंट्या, दोन-चार जुन्या ओढण्या ठेवून द्या.